चिलीला न पाठवलेला झारा

"हारा जरा वर धर," सुकुमार म्हणाला.

चकती बसवलेलं नळीचं तोंड दोन्ही हातांत धरून मी घमेल्यावर वाकलो होतो. "काय धरू?"

"हारा." मग त्याच्या लक्षात आलं. "झारा रे. वर धर, पाणी सोडायलोय."

पाणी आलं. चकतीच्या बारीक भोकांतून धारा निघाल्या, जोडीजोडीनं एकमेकींवर आदळल्या आणि आदळल्या तिथं पंख्यासारख्या पसरल्या. सुकुमार गुडघ्यांवर बसून एकेक पंखा न्याहाळत होता. मी त्याच्याकडे बघत होतो.

हारा म्हणजे बांबूची मोठी टोपली. झारा म्हणजे बुंदी पाडायचा. त्या चकतीला हे नाव मी दिलेलं होतं, आणि त्याच्या तोंडून ते बदललेलं त्या सकाळी पहिल्यांदा ऐकत होतो.

सुकुमार मगदूमचं शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत टर्निंगचं वर्कशॉप होतं. दिवसभर पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग निघायचे. कामगार यायच्या आधी आणि सुटीच्या दिवशी तो रॉकेटचं इंजिन बनवायचा. उडणारं रॉकेट नव्हे, नुसतं इंजिन. हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढं. परवानगी काढून एका बंद पडलेल्या दगडखाणीत तो ते जमिनीला बोल्टनं जखडायचा, काही सेकंद पेटवायचा, विझवायचा आणि उघडून बघायचा. इंधन आणि ऑक्सिजन आत शिरताना नीट मिसळावेत म्हणून इंजिनाच्या तोंडाशी ही भोकांची चकती असते. मिसळण बिघडली की आग भिंतीला चाटते आणि इंजिन जळतं. म्हणजे सगळा खेळ चकतीचा. त्यानं पहिली चकती पाडली तेव्हा मी म्हणालो होतो, "हा तर काकूंचा बुंदीचा झारा." त्याची आई तिथंच उभी होती. ती हसली, आणि चकतीचा झारा झाला. ड्रॉइंगवरही सुकुमारनं इंग्रजी अक्षरांत तेच लिहिलं.

मी कोल्हापूरच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. कामाला जायचं संध्याकाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. इंजिनातलं मला कळत नव्हतं. पण सुकुमार आणि मी शाळेत एका बाकावर बसलेलो, आणि प्रत्येक चाचणीची बातमी मी लिहायचो. काय केलं, काय झालं, कशाच्या आधी काय झालं. विशेषण नाही. ती वाचून तो पुढची चकती ठरवायचा. "माझं डोकं तुझ्या कागदावर नीट दिसतं," असं एकदा म्हणाला होता. दुसऱ्या कुणाला त्यानं आपलं डोकं दाखवल्याचं मला माहीत नव्हतं.

मग तोमास आला. चिलीच्या उत्तरेकडच्या वाळवंटात खाणीची यंत्रं दुरुस्त करणारा हा माणूस, इंजिनही असंच हौसेखातर बनवणारा. हौशी लोकांच्या एका वेबसाइटवर त्यानं सुकुमारनं टाकलेला फोटो पाहिला आणि भोकांच्या तिरपेपणाबद्दल एक प्रश्न विचारला. सुकुमारनं मला सांगितलं, "मुरल्या, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता." कुणी म्हणजे मीच, कारण विचारायला दुसरं कोण होतं?

तिकडची रात्र ती इकडची सकाळ. सात वाजता व्हिडिओ कॉल सुरू व्हायचा. सातचा तो तास माझा होता. मी पोचायचो तेव्हा सुकुमार लॅपटॉपसमोर खांदे पुढं करून बसलेला असायचा आणि माझ्याकडे न बघता हातानं "बस" म्हणायचा. तोमासच्या भाषेत इंग्रजी 'जे'चा उच्चार 'ह' होतो. म्हणून त्याच्या तोंडी झाऱ्याचा हारा झाला, आणि त्याच्याकडून सुकुमारच्या.

"भोकं वाढवायची आम्ही ठरवलंय," त्या सकाळी पाणी बंद केल्यावर सुकुमार म्हणाला.

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे मी आणि तोमासनं."

डेस्कवर नवीन मुलं आली की 'आम्ही' आणि 'आपण' यांत गफलत करायची, आणि मी ती दुरुस्त करायचो. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. सुकुमारची काहीच गफलत झालेली नव्हती.

राजमतीवहिनी, सुकुमारची बायको, चहाचा थर्मास घेऊन आल्या. वर्कशॉपची बिलं, बँक, कामगारांचे पगार हे सगळं त्या बघायच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"भावजी, काय झालंय?"

"कुठं काय?"

"लग्न होऊन आले तवा या घरात मला एक सवत होती. सकाळी यायची, चहा प्यायची, दोघं चकत्या बघत बसायची." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "आता तुम्हाला आली होय?"

सुकुमार मोठ्यानं हसला. मीही हसलो. चहात त्या दिवशी साखर जास्त होती.

पुढच्या आठवड्यात तोमासनं झाऱ्याचं पूर्ण ड्रॉइंग मागितलं. त्याचं इंजिन जवळजवळ याच मापाचं होतं आणि त्याची चाचणी महिन्यावर आली होती. त्याच्या चकतीच्या धारा नीट भिडत नव्हत्या. सुकुमारची तिरपी भोकं पाडायची एक पद्धत होती, ड्रिल घसरू नये म्हणून त्यानं स्वतः बनवलेला एक ठोकळा होता. ते सगळं तो फाइलमध्ये घालून पाठवणार होता.

"शनिवारी पाठवतो," तो मला म्हणाला.

"सगळं?"

"मग काय अर्धं पाठवू?"

शुक्रवारी खांडेपारकर बाई आल्या. सुकुमार ज्या पुण्याच्या कंपनीला व्हॉल्व्हचे भाग द्यायचा तिच्या निर्यात विभागात त्या होत्या. वर्षातून एकदा वर्कशॉप तपासायला यायच्या. केस बारीक कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट, बोलणं तुटक. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पेपर वाचत बसलो होतो. बाईंनी टेबलावरचा झारा उचलला आणि उजेडाकडे धरला.

"हे आमच्या ऑर्डरमधलं नाही."

"नाही मॅडम. हौस आहे."

"कसली?"

"रॉकेट इंजिनची."

बाईंनी झारा गरम असल्यासारखा खाली ठेवला. "कुणाला दिलंय का हे? देशाबाहेर?"

"अजून नाही. उद्या पाठवायलोय. म्हणजे माल नाही, नुसती फाइल."

"फाइल हाच माल, मगदूम. ईमेल केली तरी निर्यात. फोनवर समजावून सांगितलंत तरी निर्यात. रॉकेटचं इंजिन आणि त्याचे भाग सरकारच्या नियंत्रित मालाच्या यादीत आहेत. आधी दिल्लीची परवानगी लागते."

"मॅडम, हे कोपराएवढं हाय."

"किती लहान असलं की चालतं हे तुम्ही नाही ठरवायचं. ते विचारायचं."

सुकुमार हसायला गेला आणि थांबला. मी पेपर खाली ठेवला. "आणि पुस्तकात छापलेलं असेल तर? वाचनालयात जाऊन कुणीही वाचेल असं?"

"तुम्ही कोण?"

"पेपरवाला. याचा मित्र."

"वाटलंच." बाई खुर्चीत बसल्या. "जे सगळ्यांना खुलं आहे त्याला हा नियम सहसा लागत नाही. पण खुलं म्हणजे खुलं. नाव विचारून नाही, पासवर्ड देऊन नाही, 'तू घे, तू नको' असं नाही. आणि तेसुद्धा आधी लेखी विचारून घ्या. स्वतःच्या मनानं काही करू नका."

"म्हणजे एका मित्राला दिलं तर गुन्हा," सुकुमार म्हणाला, "आणि अख्ख्या दुनियेला दिलं तर काही नाही?"

"ढोबळ मानानं, हो."

"हे उलटं नाही वाटत तुम्हाला?"

"मला काय वाटतं याला काही किंमत नाही. तुमच्यावर नोटीस आली तर आमच्या ऑर्डरी त्याच दिवशी थांबतील. मागे लेथवर उभे आहेत ना, त्यांना आधी विचारा हे उलटं आहे का सुलटं." त्या उठल्या. जाताना पुन्हा झाऱ्याकडे बघितलं. "भोकं सुरेख पाडलीत."

त्या गेल्यावर सुकुमार बराच वेळ लेथवरची बुरी, धातूचे धारदार कण, हातानं गोळा करत राहिला. हातानं बुरी गोळा केली तर तो कामगारांना ओरडायचा.

"मग सगळ्यांना दे," मी म्हणालो.

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे."

"मी काय बुंदी वाटायला बसलोय काय? मर्दा, दहा वर्षं घासलीत यात. बापानं घेऊन दिलेलं मिलिंग मशीन दोनदा जाळलंय. त्या माणसाला भोकांचं कळतं. त्यानं विचारलंय. म्हणून त्याला द्यायचंय. वाटेल त्याला नाही."

"वाटेल त्याला नाही तर त्यालाही नाही. ऐकलंस ना बाईंचं?"

"ऐकलं." त्यानं हात झटकला. बोटाला बुरी लागून रक्त आलं होतं. "तू एवढा खूश का झालायस?"

"मी कुठं खूश आहे?"

राजमतीवहिनी आतून म्हणाल्या, "फाइल जाणार नाही. वर्कशॉपला कुलूप लागलं तर दोन्ही सवतींना मी पोसणार नाही."

सोमवारी सात वाजता सुकुमारनं मला शेजारी बसवून घेतलं. नकार इंग्रजीत द्यायचा होता आणि त्याचं इंग्रजी मापांपुरतं होतं. तोमासला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. रापलेला, दाढीत पांढरे केस, मागे भिंतीवर नटबोल्टचे पाने टांगलेले, ओळीनं, लहान ते मोठा, अगदी सुकुमारसारखे. चेहरा चांगला होता. वाईट असता तर सोयीचं झालं असतं.

मी नियम सांगितला. तोमासनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नो प्रॉब्लेम, अमीगो." हे तो सुकुमारकडे बघून म्हणाला. मग स्वतःची चकती कॅमेऱ्यासमोर धरली. आपलीच वापरतो म्हणाला. जाताना त्यानं मला हात केला. मीही केला.

"अमीगो म्हणजे?" कॉल बंद झाल्यावर सुकुमारनं विचारलं.

"मित्र."

"हां," तो म्हणाला, आणि दिवसभर कामात होता.

तोमासची चाचणी झाली त्याचा व्हिडिओ आला तेव्हा आम्ही तिघंही वर्कशॉपमध्ये होतो. तिकडचं आकाश अगदी कोरडं, निळं. इंजिन पेटलं, ज्वाळा सरळ आली. मग इंजिनाच्या एका अंगाला हिरवट उजेड दिसला, तिथून आगीची जीभ बाहेर आली आणि सगळं पांढरं झालं. कुणाला लागलं नव्हतं. सगळे मातीच्या बांधामागं होते. पुढच्या चित्रात तोमासनं भोक पडलेलं इंजिन हातात धरलं होतं आणि तो कॅमेऱ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता.

सुकुमारनं व्हिडिओ मागं नेला. चाचणीच्या आधी तोमासनं पाणी सोडून धारा तपासल्या होत्या, तिथं थांबवला. बोट ठेवलं. "ही बघ. एक धार वाकडी हाय. त्याच अंगाला जळलंय."

"भोक चुकलं?"

"चुकलं असंल. मी दिलं असतं तर चुकलं नसतं."

राजमतीवहिनींनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. सुकुमार उठून दारापर्यंत गेला, परत आला.

"लिही," तो मला म्हणाला.

"काय?"

"दिल्लीला पत्र लिही. सगळ्यांना द्यायचंय म्हणून."

पत्रातले शब्द खांडेपारकर बाईंनी फोनवरून दोनदा दुरुस्त केले. मला माझ्या मजकुरात कुणी हात घातलेला चालत नाही, पण त्यांची दुरुस्ती बरोबर होती. आंबे संपत आले तेव्हा उत्तर आलं. जाहीर, विनाअट, कुणालाही बघता येईल असं प्रसिद्ध केल्यास परवानगीची गरज नाही. वैयक्तिकरीत्या परदेशी व्यक्तीला जादा माहिती द्यायची झाल्यास स्वतंत्र अर्ज करावा.

"दुसरं वाक्य कळलं ना?" बाईंनी विचारलं. "वेबसाइटवर जे पान टाकाल त्यावर असेल तेवढंच. त्यापलीकडे फोनवर एक अक्षर सांगितलंत की पुन्हा तुम्ही यादीत. कुणाला शंका असेल तर त्यानं पानाखाली विचारायचं, तुम्ही पानाखालीच उत्तर द्यायचं. सगळ्यांच्या देखत."

म्हणजे सातचे कॉल बंद झाले. निदान झाऱ्यावरचे तरी. आणि झाऱ्याशिवाय त्या दोघांकडे बोलायला दुसरं काय होतं? एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.

सात वाजता मी बसू लागलो. सुकुमार काम करायचा, मी विचारायचो आणि लिहायचो. आधी मराठीत, मग इंग्रजीत. पट्टी कुठल्या बाजूनं धरली, ठोकळा आधी घट्ट केला की ड्रिल आधी लावलं, तेल कधी टाकलं, कधी पुसलं. तो वैतागायचा.

"मुरल्या, एवढं कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

"हे ज्याला कळतं त्याला कळतं."

"आणि ज्याला कळत नाही त्याचं काय? वाटेल त्याला द्यायचंय ना आता?"

शेवटच्या भागात पाण्याची चाचणी होती. सुकुमारनं बादली घेतली, तिच्या तोंडावर पांढरं सुती फडकं दुहेरी करून ताणलं आणि वरून नळ सोडला. हे मी त्याला शेकडो वेळा करताना पाहिलेलं होतं. त्या दिवशी लिहिलं: पाणी दोन पदरी सुती कापडातून गाळून घ्यावं.

त्यानं कागद वाचला. "हे कशाला लिहितोस? खोड ते."

"का?"

"पाणी कोण गाळत नाही?"

"मी नाही गाळत."

"काय सांगतोस! तुमच्यात पाणी गाळत नाहीत?"

"सुक्या, आमच्यात नळाचं पाणी सरळ माठात."

शाळेपासून ओळखत असलेल्या माणसाबद्दल काहीतरी भलतंच कळल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि आमच्यात येऊन पितोस ते?"

"ते गाळलेलं असतं. म्हणून तर पितो."

मगदूम जैन. पाण्यात जीव असतात, ते पोटात जाऊ नयेत म्हणून त्यांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय भांड्यात पडत नाही. सुकुमार तसा देवधर्मातला नव्हता. पण पहिल्या चाचणीला त्यानं बादली भरायला घेतली तेव्हा आईनं येऊन तिच्यावर फडकं टाकलं होतं, आणि ते पुढं राहिलं.

"तोमासला हे सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं? श्वास घे म्हणून सांगतोस काय कुणाला?"

बोलता बोलता तो थांबला. फडकं काढून त्यानं उजेडात धरलं. मधोमध तपकिरी ठिपका होता, बारीक रेतीचा. झाऱ्याच्या भोकात अडकेल एवढी. त्यानं ते मला दाखवलं नाही. तसंच धरून उभा राहिला. मग लॅपटॉप उघडून ती वाकडी धार पुन्हा लावली. ते गाव वाळवंटातलं होतं.

"भोक नव्हतं चुकलं त्याचं," तो म्हणाला.

फडक्याचं वाक्य मी ठळक केलं. त्याच्याखाली आणखी एक लिहिलं: इंधनाच्या टाकीलाही हेच लागू.

पान आम्ही एका रविवारी खुलं केलं. नाव नको, पासवर्ड नको, कुणीही या. 'झारा' या शब्दावर मी तळटीप दिली होती, बुंदी कशी पाडतात इथपासून उच्चार कसा करायचा इथपर्यंत. सगळ्या पानात तीच तेवढी जरा लांबली. राजमतीवहिनींनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं. त्यांना वेळ लागला.

"भावजी."

"हं?"

"तुम्ही इतकं लिहिलंय, इतकं लिहिलंय, की आता त्या बाबाला ह्यांना विचारायला एक गोष्ट शिल्लक ठेवली नाही."

"तसंच लिहायचं असतं."

"पेपरात एवढं लिहिता?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. सुकुमार बाहेर टेम्पोत माल भरून घेत होता, तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एक प्रश्न राहू नये म्हणून?"

"एकही."

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "सवत हाकलली की हो तुम्ही. अख्ख्या दुनियेला वाटून हाकलली!"

खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पानाखाली लोक यायला लागले. केनियातली एक शिक्षिका, पोलंडचे कॉलेजचे विद्यार्थी, आपल्याकडचे जळगाव आणि मदुराईचे. सुकुमार आधी तोंड वाकडं करून वाचायचा. मग सात वाजता मी पोचायच्या आधीच वाचून ठेवायला लागला. "हा पोलंडचा बघ, ह्याला ठोकळा कळलाय," म्हणायचा. तोमासही त्याच रांगेत होता. एवढंच लिहून गेला की नवीन चकती पाडतोय.

दिवाळीच्या आसपास त्याचा व्हिडिओ पानाखाली आला. तेच कोरडं आकाश. इंजिन पेटलं आणि ठरल्या वेळेपर्यंत पेटत राहिलं. विझल्यावर बांधामागून टोप्या उडाल्या. मग तोमास कॅमेऱ्यासमोर आला. एका हातात काळवंडलेली चकती, दुसऱ्या हातात पांढरं फडकं. त्यानं श्वास घेतला, जीभ दातांना लावली, आणि सावकाश म्हणाला, "झा-रा."

राजमतीवहिनींनी टाळ्या वाजवल्या. सुकुमारनं व्हिडिओ पुन्हा लावला, तेवढाच शब्द ऐकला, पुन्हा लावला. डोळे पुसले की नाही ते मी पाहिलं नाही. मी खिडकीकडे वळलो होतो.

त्यानंतर दोनतीन दिवस सुकुमार माझ्याशी तुटक होता. चहा ओतताना माझा कप शेवटी भरायचा. मी कारण विचारलं नाही. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "सांगा की त्यांना. पोटात ठेवून काय करणार?"

"काय सांगायचं?" मी विचारलं.

सुकुमार मिलिंग मशीनवर वाकला होता. "तोमासचा मेसेज आलाय. मला."

"झाऱ्याबद्दल?"

"झाऱ्याबद्दल कशाला असंल? तू ठेवलंयस काय विचारायला?" त्यानं एक बोल्ट सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. "म्हणतोय, इंजिन तुझं हाय हे फोटोवरनं कळतं. पण फडक्याचं वाक्य तू लिहिलेलं नाहीस. तू लिहिलंच नसतंस. तो माणूस कोण, म्हणून विचारतोय."

"मग?"

"मग काय. त्याला तुझा पत्ता पाहिजे. ईमेल. तुझ्याशी बोलायचंय म्हणे. असा माणूस आपल्याला आजवर भेटला नाही म्हणे." हे शेवटचं वाक्य त्यानं मशीनला सांगितलं.

"दे की."

"का?"

"विचारतोय ना तो?"

"विचारू दे. पानाखाली जागा हाय. तिथं विचारायचं, तिथंच तू उत्तर द्यायचं. सगळ्यांच्या देखत." त्यानं मान वर केली. कान लाल झाले होते. "एकट्याएकट्यात नाही. सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही."

वहिनी तोंडात पदर कोंबून आत निघून गेल्या.

"सुक्या, तो नियम इंजिनाला आहे," मी म्हणालो. "दोन माणसांनी एकमेकांना चिठ्ठी लिहिली तर कुठल्या कायद्यात बसत नाही ते?"

"कायद्याचं मला सांगू नकोस," सुकुमार म्हणाला आणि माझ्या कपात चहा ओतला, काठोकाठ. "आपल्यात बसत नाही."